मेंदूला जात नसते, वर्गाला असते!

शिक्षकांच्या प्रशिक्षण शिबिरांत आणि कंपन्यांच्या कार्यशाळांत 'मेंदूविज्ञान' हा हल्ली परवलीचा शब्द झाला आहे. शिकवणे रंजक कसे करावे, ऐकणाऱ्याचे लक्ष कसे धरून ठेवावे, हे सांगण्यासाठी पडद्यावर मेंदूची रंगीत चित्रे झळकतात. कुणी 'डाव्या मेंदूची' आणि 'उजव्या मेंदूची' मुले वेगळी काढतो. कुणी 'मिड-ब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या नावाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकविण्याचा दावा करतो आणि पालकांचे खिसे कापतो. या नव्या बुवाबाजीशी विज्ञानाचा काडीचाही संबंध नाही. परंतु खरे मेंदूविज्ञान काय सांगते, ते मात्र आंबेडकरी समाजाने कान देऊन ऐकले पाहिजे.

ज्ञान ही जन्माने मिळणारी मिरासदारी आहे, असे मनुवादाने या देशाला शतकानुशतके पढविले. 'यांच्या डोक्यात शिरणार नाही' हे वाक्य त्याच विषारी झाडाचे फळ आहे. त्याला सणसणीत उत्तर लखनौ परिसरात झालेल्या एका प्रयोगाने दिले. तिथल्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतांश महिला होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकविण्यात आले. शिकण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची एमआरआय तपासणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात दिसले, की एवढ्याशा अवधीत पाहण्याचे काम करणारे मेंदूचे वरचे भाग आणि अगदी खोलवरचे भाग यांच्यातील ताळमेळ वाढला होता. पाटी हातात पडली आणि तिशीतल्या बाईचा मेंदूही बदलला! १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती याच विश्वासावर. त्या विश्वासाला आता प्रयोगशाळेतला पुरावा मिळाला आहे.

मग आमची मुले वर्गात मागे का पडतात? याचे उत्तरही उत्तर प्रदेशातल्याच दुसऱ्या एका प्रयोगात आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधिकांनी खेड्यांतील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. ३२१ मुले उच्च जातींची आणि ३२१ दलित. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत म्हणण्याजोगा फरक नव्हता. परंतु नाव, गाव आणि जात सर्वांसमक्ष पुकारली गेली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. २००४ मध्ये प्रथम पुढे आलेला आणि २००६ मध्ये अमेरिकेतील अर्थशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात छापून आलेला हा निष्कर्ष प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. कोडी तशीच होती, मुलेही तशीच होती. मध्ये आली ती फक्त जात.

आता आपल्या वर्गांकडे पाहा. शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटताना 'एससीची मुले उभी राहा' असा पुकारा होतो. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी 'कोणत्या कोट्यातून आलास?' असे विचारले जाते. त्या मुलाच्या मेंदूत तेव्हा काय घडते? भीती आणि अपमानाच्या ताणाने कॉर्टिसोलसारखी संप्रेरके वाढतात. विचार करणे, लक्ष एकवटणे, हातातली माहिती डोक्यात धरून ठेवणे हे काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो आणि ताणाखाली नेमका तोच अडखळतो. धडा पुढे सरकतो, मूल मात्र स्वतःचा बचाव करण्यात गुंतलेले असते. असा विद्यार्थी गणितात चुकला, की तोच शिक्षक त्याच्या बुद्धीवर ठपका ठेवतो!

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले. शिपाई नसेल तर पाणीही मिळत नसे. त्यातूनही ते जगातील नामांकित विद्यापीठांच्या पदव्या घेऊन आले, हे त्यांचे असामान्यत्व. त्यामुळे ती शाळा निर्दोष ठरत नाही. त्याच गोणपाटावर किती बुद्धी कुजली, याची मोजदाद कुणी केली?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. शिकवणे रंजक करायचे असेल, तर प्रोजेक्टर आणि गाण्यांच्या आधी वर्गातला अपमान हद्दपार करा. शासनाने शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात हा विषय सक्तीचा करावा आणि शिष्यवृत्तीची कामे वर्गाबाहेर, खासगीपणे व्हावीत.

काही काम आपल्यालाही करायचे आहे. गावोगावच्या बुद्धविहारांत अभ्यासिका चालतात, स्पर्धा परीक्षांचे वर्ग भरतात. तिथे तासन्‌तास व्याख्यान देण्याची आणि तेच पान दहा वेळा वाचण्याची सवय मोडली पाहिजे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवते. पण आठवड्यानंतर जास्त आठवते ते पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना. तेव्हा दर अर्ध्या तासाने पुस्तक मिटवा, मुलांना एकमेकांना प्रश्न विचारू द्या आणि आजचे परवा, पुन्हा आठवड्याने आठवून पाहायला लावा. चुकणाऱ्याला हसू नका. याला पैसा लागत नाही, एक फळा आणि एक जाणता कार्यकर्ता पुरे.

बाबासाहेबांनी 'शिका' असा आदेश दिला, तेव्हा आपला मेंदू कुणापेक्षा कमी नाही याची त्यांना खात्री होती. विज्ञान आज त्याच खात्रीची साक्ष देत आहे. आता ज्या वर्गात आमचे लेकरू मान खाली घालून बसते, त्या वर्गाला जाब विचारण्याची वेळ आली आहे.