संकासुराची जबानी



दशावतार ही सगळ्यांची कला आहे, असं हल्ली जो तो सांगतो. महोत्सवात सांगतात, परिसंवादात सांगतात, मतं मागायला आलेले पुढारी तर हमखास सांगतात. कार्तिकी पौर्णिमा आली की मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडीच्या गावागावांत जत्रा सुरू होतात. देवळासमोर रात्रभर मृदंग, झांज, पायपेटी. कला सगळ्यांची! बघायला सगळ्यांची, वर्गणीला सगळ्यांची. मुकुट कुणाच्या डोक्यावर चढतो असं विचारलं की मात्र लगेच उत्तर तयार, 'यात जातपात आणू नका.' माझा आजोबा देवळाच्या आवाराबाहेर माडाला टेकून दशावतार बघायचा. त्याला अख्खी आख्यानं तोंडपाठ होती. त्याच्या तोंडाला रंग कधी कुणी लावला नाही. जातपात तिथे आम्ही आणली काय?

आता त्या नाटकाच्या पोटात काय आहे ते बघा. आख्यानाच्या आधी आडदशावतार होतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी येतो. आणि येतो संकासूर. काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा. यानं ब्रह्मदेवाचे वेद पळवलेले. म्हणून विष्णू मत्स्य होऊन याला मारतो. देव, राजे, ऋषी शुद्ध भरजरी मराठीत बोलतात. संकासूर बोलतो मालवणी. म्हणजे जो काळा, जो आमच्या आईच्या भाषेत बोलतो, ज्यानं वेदाला हात लावला, तो चोर. लोकांनी त्याला हसायचं आणि शेवटी तो मेला की हात जोडायचे. पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय आणि कुणाला काही खटकत नाही!

एका माणसाला खटकलं होतं. जोतीराव फुल्यांना. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त धोंडिबा प्रश्न विचारत जातो आणि जोतीराव एकेका अवताराचं सोंग उतरवत जातात. त्यात मत्स्य आणि शंखासुर यांचं स्वतंत्र प्रकरणच आहे. माशाच्या पोटी माणूस कसा जन्मेल, असा साधा सवाल. मत्स्य म्हणजे समुद्रमार्गे आलेल्या टोळीचा नायक आणि शंखासुर म्हणजे इथला धनी, ज्याला मारून राज्य लुटलं, असा जोतीरावांचा अर्थ. इतिहास म्हणून यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. मला एवढंच दिसतं की मेलेल्या असुराची बाजू काय होती, हे विचारायची हिंमत या माणसानं केली.

आमच्या वाडीतल्या पोरांनी तेच केलं. मी १५ वर्षांचा होतो. १४ एप्रिलच्या रात्री युवक मंडळाचं नाटक होतं. त्यात मी संकासूर. ब्रह्मदेव झाली होती नववीतली एक पोरगी. जिथे परंपरेनं बाईचं सोंगसुद्धा पुरुषच घेतो, तिथे पोरगी देव झाली, हे लिहून ठेवा. संवाद लिहिलेले नव्हते. दशावताराला तरी कुठे लिहिलेली संहिता असते? नट उभ्या उभ्या बोलतो. आम्हीही तसंच ठरवलं. विष्णू शस्त्र उगारून आला तेव्हा मी पळालो नाही. तोंडात आलं ते बोललो, "मी चोरूक नाय. मी वाचूक घेतलंय. मागलंय तेव्हा तुमी देवक नाय. आता मारतलास तर मारा, पण कित्या मारतास तां आधी सांगा."

कुणी हसलं नाही. १९८० साली गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'नं मालवणी रंगभूमीवर गाजवली, मच्छिंद्र कांबळींनी ती लंडनपर्यंत नेली, प्रेक्षक पोट धरून हसले. त्याचा आनंदच आहे. पण मालवणी ऐकून माणसं गप्प बसतात, हे मी त्या रात्री पहिल्यांदा बघितलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "बोल रे झिला, बोल." बस्स.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. गाव म्हणाला, देवाची विटंबना केली. ऐन आंब्याच्या हंगामात माझ्या बापाला बागेतल्या कामाचं बोलावणं येईनासं झालं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. बोलायची गरजच काय? मी गावाला विचारतो, तुमचा नट रात्रभर पदरचे संवाद रचतो ती कला, आणि आमचं पोरगं चार वाक्यं रचतं तो अपमान? आम्ही तुमच्या देवाला हात लावला नाही. फक्त आरोपीची जबानी घेतली. एवढ्यानं देव बाटत असेल तर तुमचा खटलाच कच्चा आहे.

आपल्यातले काही वडीलधारेही रागावले. म्हणाले, आपण २२ प्रतिज्ञा घेतलेली माणसं, अवतार मानत नाही, मग संकासूर कशाला आणता? काकांनो, तुमच्याविषयी आदर ठेवून सांगतो. अवतार मानायचा नाही म्हणजे त्याची तपासणी करायची नाही, असं नव्हे. बाबासाहेबांनी राम-कृष्णाचं कोडं उलगडून ठेवलं, ते १९८७ साली छापून आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ माजला! ते काय भक्ती म्हणून लिहिलं होतं? सत्यशोधक जलसेवाल्यांनी, आंबेडकरी जलसेवाल्यांनी तमाशाचाच साचा घेतला आणि आतला माल बदलला. फुल्यांनी तर १८५५ सालीच 'तृतीय रत्न' लिहून नाटक हे हत्यार आहे हे दाखवलं होतं. हत्यार कुणाच्या घरचं यापेक्षा ते कुणावर चालतं हे बघा.

आणि आपण जयंतीला काय करतो? एका पोराला निळा कोट घालतो, हातात पुस्तक देतो, ट्रॅक्टरवर उभं करतो. सांगतो, हलू नको. अरे, ज्या माणसानं आपल्याला बोलायला लावलं त्याच्या नावानं पोरांना पुतळा करता? मग रात्री डीजे. त्या आवाजात कुणाला काही बोलायचं असलं तरी ऐकू येत नाही.

मुंबई-पुण्यातल्या दोस्तांनो, हे तुम्हालाच सांगतोय. डीजेची वर्गणी तुम्ही पाठवता. पुढच्या जयंतीला पैसे कमी पाठवा आणि स्वतः आठ दिवस आधी या. समाजमंदिरात पोरांसोबत बसा. त्यांना पाठांतर देऊ नका, प्रश्न द्या. रावण, शंबूक, एकलव्य, बळी, ज्याला ज्याला या कथांत मारलाय, लुबाडलाय, त्याला एकेक करून उभा करा आणि पोरांच्या तोंडून बोलू द्या. मालवणीत, वऱ्हाडीत, अहिराणीत, जी असेल त्या भाषेत. गावाच्या रंगमंचावर जागा मागत फिरू नका. चार बांबू आणि एक बल्ब आपल्याकडेही आहे. हंगामात ज्याचं काम तुटेल त्याच्या घरी चूल पेटेल एवढं मात्र आधी बघा, कारण बोलण्याचा दंड बोलणाऱ्याच्या बापाला भरावा लागतो.

संकासुराला विष्णू अजून दर जत्रेला मारतो. मारू दे. पण त्याचं म्हणणं आता नोंदवलं गेलंय. उत्तर द्यायची पाळी त्यांची.

जयभीम!