वाळकं झाड आणि काळा सुतार

"वाळकं झाड ठेवून करायचंय काय?" मंडळी, हा प्रश्न मला आता ऐकवत नाही.

आपल्या पश्चिम घाटात पांढऱ्या पोटाचा काळा सुतार पक्षी राहतो. कावळ्याहून मोठा, नराच्या डोक्यावर लालभडक तुरा. घरासाठी त्याला जुनं, जाडजूड, शक्यतो मेलेलं खोड लागतं. मुंग्या-अळ्याही त्याला तिथेच मिळतात. त्याने सोडलेल्या ढोलीत मग घुबडं, पोपट, उडत्या खारी संसार थाटतात. फुकटात!

आपण मात्र 'साफसफाई' म्हणून नेमकं तेच झाड आधी तोडतो. दोडामार्गकडे तर डोंगरच्या डोंगर रबराखाली गेले. कागदावर मात्र जंगल शाबूत! कारण भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात एक हेक्टर जागेवर १० टक्के झाडांचं छत्र असलं की झालं वनाच्छादन. झाड कुठलं का असेना! पंचवीस-तीस वर्षांत तोडायच्या रबरात सुताराने बिऱ्हाड करायचं कुठे?

"पण तो दुर्मीळ थोडाच आहे?" हेही ऐकून झालं. खरंय, आययूसीएनच्या यादीत त्याची फारशी चिंता नाही. जपानच्या त्सुशिमा बेटावरही हाच पक्षी होता. जंगलतोड आणि शिकारीने तिथे तो १९२० च्या सुमारास संपला. जगाच्या यादीला त्याचं काही नाही, त्सुशिमाचं जंगल मात्र कायमचं मुकं झालं.

तिळारीला २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं, उत्तम. पण त्याबाहेरच्या खासगी डोंगरांचं काय? गावच्या काका-मामांनो, घरावर पडणार नसेल तर मागच्या रानातला तो वाळका ऐन यंदा सरपणात घालू नका.