नाही म्हणणाऱ्याची टीप

हल्ली पुण्याहून मालवणला जाऊन स्कुबा न करता परत आलं, की लोक 'मग गेलात कशाला?' असं विचारतात. म्हणून मागच्या डिसेंबरात आम्ही ऑफिसातल्या पाचजणांनीही ते केलं. म्हणजे चौघांनी केलं, पाचव्याचं राहिलं. आजचं हे लिखाण त्या पाचव्यामुळे. त्याला बंड्या म्हणूया.

सुरुवात अर्थातच घासाघिशीने झाली. माणशी शंभर रुपये कमी करून घेतले आणि पाचशे रुपये वाचवल्याचा आनंद इन्क्रिमेंटपेक्षा जास्त झाला. मग होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ गेलो. होडीवर तांडेल, दोन पोरं आणि सिलिंडर. त्यातला एक पंचवीस-सव्वीसचा डायव्हर आम्हाला खुणा शिकवत होता. आम्ही सेल्फी काढत होतो. स्कुबात अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, तर 'मला वर न्या', हे त्याने दोनदा सांगितलं. तरी आमच्यातल्या एकाने खाली मासे बघून खुशीत अंगठा दाखवला आणि पुढच्या क्षणी महाशय पाण्याबाहेर! वर 'मला का आणलं?' म्हणून भांडण. असो.

त्याने प्रत्येकाला विचारलं होतं, "सर्दी आहे काय?" बंड्याला तीन दिवस सर्दी होती. तो म्हणाला, "छे!" आम्हाला माहीत होतं, आम्ही गप्प बसलो.

आता थोडं गणित. जमिनीवर हवेचा दाब साधारण १ बार. पाण्यात दर १० मीटरला आणखी १ बार वाढतो. म्हणजे फक्त ५ मीटर खाली गेलं तरी दाब दीडपट. नाक दाबून कानात हवा सोडली की आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. सर्दीने घशाकडून कानाकडे जाणारी नळी सुजली असेल तर हवा जातच नाही आणि सगळा ताण पडद्यावर येतो. बंड्याला थोडं खाली नेलं, कान दुखला, थोडं वर आणलं, पुन्हा प्रयत्न. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर पोराने त्याला सरळ होडीवर आणलं.

बंड्या भडकला. "पूर्ण पैसे दिलेत. वरती आणखी पाचशे देतो, पण खाली ने!"

पोरगा शांतपणे म्हणाला, "पैशे परत गावतले हो. कानाचो पडदो गावचो नाय."

किनाऱ्यावर आल्यावर आम्ही काय केलं? टीप तर सोडाच, बंड्याने त्याची मालकाकडे तक्रार केली आणि आम्ही चौघं बाजूला उभे राहून ओले टॉवेल पिळत होतो. मालकाने त्या पोराला आमच्यासमोर झापलं. पुण्यात आल्यावर बंड्याचा कान दुखायला लागला, तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "सर्दी असताना गेलातच कशाला?" तो झापलेला पोरगा मात्र माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

तेव्हापासून माझं एक मत झालंय. टीप द्यायची ती काम झाल्यावर, आणि आधी त्याला, ज्याने आपल्याला 'नाही' म्हटलं. आधी देऊ केलेले पैसे म्हणजे टीप नव्हे, ती लाच. 'थोडं आणखी खोल ने', 'प्रवाळाचा एक तुकडा काढून दे, वेगळे देतो' ही सगळी त्याच जातीची वाक्यं. मालवणला १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तुकडा आपण शोकेसमध्ये ठेवणार, पकडला जाणार तो पोरगा.

अमेरिकेत डाइव्ह बोटीवर दर सिलिंडरमागे ठरावीक डॉलर टीप द्यायचा रिवाजच आहे. तिथे गेलेले आमचे लोक ती निमूट देतात आणि मालवणात शंभरासाठी हुज्जत घालतात. माझा हिशेब सोपा आहे: भरलेल्या पैशाच्या दहा टक्के, आणि द्यायच्या आधी तांडेलला विचारायचं की वाटणी कशी होते. कारण किनाऱ्यावर पैसे घेणारा वेगळा, पाण्यात आपला हात धरणारा वेगळा आणि चौदा-पंधरा किलोचे सिलिंडर उचलणारा आणखी वेगळा असतो.

पण टीपेच्या आधी रीत. सूचना चालू असताना फोन खिशात. सर्दी, दमा, रात्रीची दारू, जे असेल ते खरं सांगायचं. उलटी आली तर वारा पाठीवर घेऊन, म्हणजे शेजाऱ्यावर नको. आणि 'ए पोरा' नाही, 'दादा'. याला एक पैसा लागत नाही.

आपल्या धंद्यातही शुक्रवारी संध्याकाळी 'आज रिलीज नको' म्हणणारा एक टेस्टर असतो. सगळे त्याच्यावर चिडतात, आणि सोमवारी त्याच्यामुळे आपली नोकरी शाबूत असते. त्याला तरी कोण टीप देतं?

पुढच्या हिवाळ्यात मालवणला पुन्हा जायचंय. तो पोरगा भेटला तर पाचशे रुपये द्यायचेत. पण त्याआधी, मालकासमोर, माफी मागायचीय. बंड्या येतो म्हणालाय, सर्दी नसेल तर.