लोणंदचा पाऊस मुलांनाच शोधू द्या

सातारा जिल्ह्याचं सरासरी पर्जन्यमान मुलांकडून पाठ करून घेऊन काय मिळतं? महाबळेश्वर आणि लोणंद एकाच जिल्ह्यात आहेत! लोणंदचा कांदा त्या सरासरीवर पिकत नाही.

पुण्याच्या हवामान विभागाकडे १९०१ पासूनचा रोजचा पाऊस चौकटींच्या नकाशांत मोफत मिळतो. एका वर्षाची एक फाईल. ती म्हणजे ३६५ आलेखकागदांची चवड समजा, दिवसाला एक कागद. लोणंदच्या जागी दाभण आरपार घाला आणि भोक पडलेल्या चौकटींतले आकडे तारखेप्रमाणे लिहा. झाली लोणंदची कालमालिका! संगणक हे क्षणात करतो, पण पहिला आठवडा मुलांनी हातानेच करावा असं माझं ठाम मत आहे.

लोणंद साधारण १८.०४ अक्षांश, ७४.१९ रेखांशावर. नकाशातले बिंदू पाव-पाव अंशावर, म्हणून जवळचा बिंदू १८ आणि ७४.२५. तिथून दोन बिंदू पश्चिमेला सरकलात तर महाबळेश्वरच्या जवळ पोचलात!

आणि हा आकडा लोणंदच्या मापकातला नव्हे. आजूबाजूच्या पर्जन्यमापकांवरून काढलेला अंदाज आहे, हे मुलांना आधीच सांगा. शाळेत मापक असेल तर दोन्ही आकडे शेजारी मांडा, फरकावर वर्गात भांडण होऊ द्या. फक्त मापक सकाळी साडेआठलाच वाचा, कारण विभागाचा पावसाचा दिवस तेव्हा संपतो.