आपले मूल खरोखर वाचते काय?



येलहंक्याहून उत्तरेस देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी काहींच्या परिचयाचा असेल. येलहंका हे केंपेगौडांच्या घराण्याचे जुने ठाणे. १६३८ नंतर बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली आणि ह्या मुलखाशी मराठी माणसाचे नाते जडले. आज येलहंका शहरात सामावून गेले आहे. परंतु थोडे पुढे गेले की शेते, द्राक्षबागा आणि कौलारू खेडी दिसू लागतात. १९८६ साली ‘बंगळूर ग्रामीण’ ह्या नावाने निर्माण झालेला हा जिल्हा. देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, होसकोटे आणि नेलमंगल असे त्याचे अवघे चार तालुके. २०२५ साली त्याला ‘बंगळूर उत्तर’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. जिल्ह्याचे नाव बदलते, रस्ते रुंद होतात, २००८ पासून डोक्यावरून विमानेही जातात. पण गावच्या सरकारी शाळेपुढील प्रश्न मात्र भारतातील इतर कोणत्याही खेड्यासारखाच आहे. शाळेत बसलेले मूल खरोखर शिकते काय?

शाळा चांगली की वाईट हे आपण बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरून ठरवितो. इमारत पक्की आहे, दुपारचे जेवण मिळते, हजेरीपट भरलेला आहे, एवढ्याने आपले समाधान होते. ह्या गोष्टी लहान नाहीत. ग्रामीण भारतात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ९८ हून अधिक मुलांची नावे आज शाळेच्या पटावर आहेत. पूर्वीच्या पिढ्यांना हे स्वप्नच वाटले असते. परंतु पटावर नाव असणे वेगळे आणि पुस्तक वाचता येणे वेगळे.

‘प्रथम’ ह्या संस्थेच्या वतीने २००५ पासून ‘असर’ नावाची ग्रामीण पाहणी होत आली आहे. तिची रीत साधी आहे. कार्यकर्ते शाळेत न थांबता घरोघरी जातात, कारण परीक्षेच्या दिवशी गैरहजर राहणारे मूलही घरी भेटते. मुलासमोर प्रथम पहिलीच्या पातळीचा उतारा ठेवतात. तो जमला तर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट, न जमला तर सुटे शब्द किंवा अक्षरे. सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ साली शेकडा २०.९ होती. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, ती १६.३ वर घसरली, आणि २०२४ साली २३.४ वर आली. सुधारणा झाली हे खरे. तरीही चारांपैकी तीन मुले मागेच आहेत.

ह्याचा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. कायद्याच्या प्रमाणानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. इयत्ता मात्र पाच असतात. एका खोलीत कोणी अक्षरे गिरवीत असते, कोणी धडा वाचीत असते. पाठ्यपुस्तक पुढे सरकते आणि सुगीच्या पंधरा दिवसांत घरी राहिलेले मूल कायमचे मागे पडते.

ह्यावर कर्नाटकातच एक उपाय शोधला गेला. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, युनिसेफच्या साहाय्याने, ‘नलि-कलि’ म्हणजे आनंदाने शिका, ही पद्धती सुरू झाली. ऋषिव्हॅलीच्या ग्रामीण शाळांतील काम पाहून आलेल्या शिक्षकांनी तिला आकार दिला. पुढे ती राज्यभर नेण्यात आली. हिच्यात धड्यांऐवजी शिक्षणाची एक शिडी असते आणि तिच्या पायऱ्यांनुसार कार्डे असतात. मुले आपापल्या पायरीप्रमाणे गटांत बसतात. गैरहजर राहिलेले मूल परतले म्हणजे सुटलेल्या पायरीवरूनच पुढे चालू लागते. अर्थात कोणतीही पद्धती आपोआप चालत नाही. कोणते मूल कोणत्या पायरीवर अडले आहे, हे रोज पाहणारे कोणीतरी असावे लागते.

ते पाहण्याचे काम केवळ शाळेचे नाही, आपलेही आहे. आज रात्री जेवणे आटोपल्यावर मुलाला जवळ बसवा. मागील इयत्तेच्या पुस्तकातील, त्याचा पाठ नसलेला एखादा उतारा त्याच्यापुढे ठेवा. तो घडाघडा म्हणत असेल तर मध्येच एका शब्दावर बोट ठेवून विचारा, “बाळ, हा शब्द कोणता?” पाठांतर आणि वाचन ह्यांतील फरक तत्काळ कळून येईल. मूल अडले तर रागावू नका. कोठे अडले तेवढे लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या किंवा बाईंच्या कानावर घाला. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत असा कायदा आहे. तिच्या बैठकीत भिंतीच्या रंगाबरोबर हेही विचारा, की आपल्या शाळेत अद्याप वाचू न शकणारी मुले किती, आणि त्यांच्यासाठी काय चालले आहे?

आणखी एक विनंती. ज्या आईला स्वतःला अक्षर येत नाही, तिने आपल्या मुलाची परीक्षा कशी घ्यावी? मूल पुस्तक उघडून काही पुटपुटते एवढ्यावरच तिला विश्वास ठेवावा लागतो. दिवसभर मजुरी करून आलेल्या अशा मातेचे घर आपल्या शेजारीच असेल. आपल्या मुलाला वाचावयास बसविताना तिच्याही मुलाला हाक मारा. दहा मिनिटे पुरतील. ते मूल ज्या दिवशी अनोळखी गोष्ट आपल्या आईला वाचून दाखवील, त्या दिवशी आपल्या गावची शाळा उत्तीर्ण झाली असे समजावे.