सक्तीची बावीस मिनिटे आणि तळहाताएवढा पडदा

१/ प्रयोगशील चित्रपट मोबाइलवर पाहावा की चित्रपटगृहात, या वादात बहुधा पडद्याच्या आकाराचीच चर्चा होते. माझ्या मते खरा प्रश्न निराळा आहे. असा चित्रपट शोधत न आलेल्या माणसापर्यंत तो पोहोचतो का? मुंबईचा चित्रपट-इतिहास या प्रश्नावर बरेच काही सांगतो. (थ्रेड)

२/ आरंभ दादासाहेब फाळक्यांपासून. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाची वाढ दिवसागणिक टिपून एक लघुपट केला. भांडवल उभे करण्यासाठी तो मोजक्या मंडळींना दाखवला. सर्वसामान्य प्रेक्षक मिळाला तो पुढे, ३ मे १९१३ रोजी, गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये, आणि तोही 'हरिश्चंद्र'ला. प्रयोग मूठभरांसाठी आणि कथा सर्वांसाठी, ही वाटणी इतकी जुनी आहे.

३/ ही वाटणी काही काळ मोडली ती एका सरकारी संस्थेने. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली. प्रत्येक चित्रपटगृहाला मुख्य चित्रपटाबरोबर २००० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ मिनिटांचे, मान्यताप्राप्त लघुपट दाखवणे बंधनकारक होते. वर त्याचे भाडेही चित्रपटगृहानेच भरायचे.

४/ १९६५च्या सुमारास ज्याँ भावनगरी सल्लागार म्हणून या संस्थेत परतले आणि तरुण दिग्दर्शकांना मोकळीक मिळाली. प्राग येथे यिर्झी त्रन्का यांच्याकडे शिकून आलेले प्रमोद पती त्यांतले एक. 'एक्सप्लोरर' (१९६८), 'ट्रिप' (१९७०), 'अबिद' (१९७२) हे त्यांचे लघुपट. 'अबिद'मध्ये चित्रकार आबिद सुरती खोली रंगवतात आणि स्वतःही रंगून जातात. हे सारे एकेक फ्रेम टिपून, जणू माणसाचीच बाहुली करून घडवलेले.

५/ हे लघुपट ज्या संस्थेतून निघाले, तिचा राजमार्ग चित्रपटगृह हाच होता. दादरचे प्लाझा, लालबागचे भारतमाता डोळ्यांसमोर आणा. पाळी संपवून आलेला गिरणीकामगार, सहकुटुंब आलेला कारकून, वर्ग बुडवून आलेला विद्यार्थी असे सारे एकाच अंधारात बसलेले. 'प्रयोगशील' हा शब्दही न ऐकलेल्या माणसांचा हा प्रेक्षकवर्ग कोणत्याही फिल्म सोसायटीला लाभला नाही.

६/ त्या सक्तीचे उदात्तीकरण मात्र नको. दाखवल्या जाणाऱ्या लघुपटांत सरकारी प्रचार भरपूर होता आणि तेवढा वेळ बाहेर विडी ओढत उभे राहणारेही पुष्कळ होते. चित्रपटगृहचालक या सक्तीविरुद्ध न्यायालयात गेले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली, पण व्यवहारात ती लोप पावली. लोकांना फारशी हळहळ वाटली नाही.

७/ छोट्या पडद्याचे ऋणही नाकारता येत नाही. कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' १९८८चा, चित्रपटगृहात लागला तो जानेवारी २०१४मध्ये. मधली पंचवीस वर्षे तो हातोहाती फिरणाऱ्या प्रतींनीच जगवला. पतींचे लघुपटही आज यूट्यूबवर विनामूल्य सापडतात.

८/ सापडतात, पण शोधणाऱ्यालाच. मोबाइल हे उत्तम ग्रंथालय आहे, चव्हाटा नव्हे. शिवाय तिथे काळ प्रेक्षकाच्या अंगठ्याखाली असतो. 'अबिद'ची लय सेकंदाच्या चोविसाव्या भागात बांधलेली आहे. ती मध्येच थांबवली की उरते ते निव्वळ चित्र. आणि शेजारचा अनोळखी माणूस हसला म्हणून आपल्यालाही विनोद उमगणे, हे एकट्याने पाहताना घडत नाही.

९/ दादरचे चित्रा २०१९मध्ये बंद झाले. फिल्म्स डिव्हिजन २०२२मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुख्य चित्रपटाआधीचा वेळ मात्र रिकामा राहिला नाही. तो जाहिरातींनी व्यापला आहे, आणि ही सक्ती आपण निमूटपणे सोसतो.

१०/ म्हणून माझे म्हणणे एवढेच, की त्या वेळातली पाच मिनिटे परत मागावीत. सरकारी हुकुमाने नव्हे, तर चित्रपटगृहांनी आणि महामंडळाने स्वेच्छेने. मराठी चित्रपटाच्या प्रत्येक खेळाआधी एक जुना किंवा नवा प्रयोगशील लघुपट लागावा. दहा जण कंटाळतील, पण अकरावा घरी जाऊन दिग्दर्शकाचे नाव शोधील. त्या शोधासाठी मोबाइल आहेच.