फसवणारा श्रीमंत निघाला की फसवणुकीचं प्रेम होतं का?

जरा मोठं लिहितेय, वेळ असेल तेव्हा वाचा. आणि आधीच सांगते, "असलं भिकार कोण बघतं?" हा सूर इथे मिळणार नाही. बघणारे भरपूर आहेत, तुमच्या-माझ्या घरातच आहेत. मी स्वतः दोन मालिका पहिल्या भागापासून शेवटच्या माफीपर्यंत बघितल्यात. हसण्यासाठी नाही, पुढे काय होतं म्हणून.

विषय आहे चिनी मिनी-ड्रामा. मोबाईल उभा धरून बघायच्या मालिका, एकेक भाग मिनिट-दोन मिनिटांचा, असे साठ ते शंभर भाग. चिनी भाषेत 'द्वानज्यू', म्हणजे छोटं नाटक. आपल्याकडे त्यांचे हिंदीत डब केलेले तुकडे फेसबुकवर, यूट्यूबवर येतात. भाजी निवडता निवडता एक लागतो आणि भाजी तशीच राहते.

त्यातली सगळ्यात जास्त चालणारी गोष्ट एकच. मुलगी गरीब, आई दवाखान्यात, बिल थकलेलं. अडचणीत सापडून ती एका अनोळखी माणसाशी झटपट लग्न करते. या प्रकाराला चीनमध्ये नावच आहे, 'शानहुन', विजेसारखं लग्न. नवरा सांगतो, मी साधा नोकरदार. प्रत्यक्षात तो ती काम करते त्याच कंपनीचा मालक असतो. ही बिचारी त्याच्यासाठी डबा करते, सेलमधला शर्ट आणते, पगारातून पैसे बाजूला टाकते. मधल्या काळात मालकाच्या नात्यागोत्यातली प्रत्येक बाई हिच्या थोबाडीत मारून जाते. तो बघतो आणि गप्प बसतो, कारण गुपित फुटायला अजून चाळीस भाग बाकी असतात. शेवटी दहा काळ्या गाड्या येऊन थांबतात, सगळे कमरेत वाकतात, आणि हिला कळतं की आपला नवरा कोण. दोन भाग रडते, तिसऱ्यात माफ करते.

अमेरिकन नट घेऊन इंग्रजीत केलेली 'द डबल लाइफ ऑफ माय बिलियनेअर हसबंड' ही २०२३ सालची मालिका याच साच्यातली. रीलशॉर्ट या ॲपवर ती तुफान चालली. चेहरे बदलले, भाषा बदलली, साचा तोच.

आता माझा आक्षेप नीट ऐका. प्रेमकथेत खोटं असू नये असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर निम्मं मराठी रंगभूमीचं कपाट रिकामं होईल. किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्र'मध्ये अर्जुन यतीचा वेष घेऊन बलरामाच्या घरात राहतो, आणि १८८२ पासून आपण त्याला टाळ्या देतोय. पण तिथे सुभद्रेचं मन आधीच अर्जुनावर आहे. डाव आहे तो तिचं लग्न परस्पर दुर्योधनाशी ठरवणाऱ्या थोरल्या भावाविरुद्ध. चीनची स्वतःची सगळ्यात लाडकी प्रेमकथा घ्या, लियांग शानबो आणि झू यिंगताई यांची. तीही वेषांतराचीच. मुलींना शाळा बंद, म्हणून झू मुलाचे कपडे घालते, हांगझौला शिकायला जाते आणि सोबत शिकणाऱ्या लियांगच्या प्रेमात पडते. तिचं खोटं हे दार उघडण्यासाठीचं खोटं आहे. ते तिला महागात पडतं, शेवटी दोघांची फुलपाखरं होतात.

म्हणजे जुन्या गोष्टीत खोटं बोलायचा तो ज्याच्या हातात काही नाही. या नव्या गोष्टीत खोटं बोलतो तो ज्याच्या हातात सगळं आहे. आणि कशासाठी? तर "ती माझ्यावर प्रेम करते की माझ्या पैशावर" हे तपासायला. मालक नोकराची परीक्षा घेतो आणि त्याला प्रेम म्हणायचं! तिची आई मरणाच्या दारात, यांच्या खिशात अख्खा दवाखाना विकत घेण्याएवढा पैसा, आणि हे महाशय बघतायत की बाई मनानं शुद्ध आहे का. याला मी क्रूरपणा म्हणते. गाडी कितीही मोठी असली तरी.

उलट बाजू बघा म्हणजे गंमत कळेल. याच चीनमध्ये जून २०२५ मध्ये एक व्हिडिओ गेम आला. पुरुषांना प्रेमाच्या जाळ्यात ओढून पैसे उकळणाऱ्या बायका ओळखायच्या आणि त्यांना धडा शिकवायचा, असा खेळ. धडाक्यात खपला. नावावरून एवढा गदारोळ झाला की ते बदलून 'भावनिक फसवणूकविरोधी' अशा धर्तीचं करावं लागलं. बाई पैशासाठी खोटं बोलली तर तिच्यावर सूडाचा खेळ निघतो, आणि पैसेवाला पुरुष ऐंशी भाग खोटं बोलला तर तो नायक. एकाच देशातले, एकाच काळातले, एकाच मोबाईलवरचे हे दोन खपाऊ माल आहेत.

"अगं, गोष्ट आहे ती!" मान्य. पण आपल्याकडे खऱ्या आयुष्यात याला काय म्हणतात तेही बघून घ्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार जोडीदाराबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवून फसवून संमती घेतली असेल, तर लग्न रद्द करून मागता येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये फसवून शरीरसंबंध ठेवण्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि 'ओळख लपवून लग्न करणं' हा फसवणुकीचा एक प्रकार म्हणून तिथे स्पष्ट लिहिलाय. चिनी नायकावर कोणी इथे गुन्हा नोंदवणार नाही, तेवढं मलाही कळतं. सांगायचं एवढंच की जी गोष्ट पडद्यावर 'सरप्राईज' असते ती कागदावर गुन्हा असू शकते. मधे फक्त बँक बॅलन्स बदलतो. समजा, शेवटच्या भागात तो खरंच कफल्लक आणि वर कर्जबाजारी निघाला, तर तीच बाई पोलीस चौकीत जाईल ना?

आता पैशाकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

२०२४ मध्ये चीनमधला मिनी-ड्रामाचा बाजार सुमारे ५० अब्ज युआनचा होता. आपल्या हिशेबात साठ हजार कोटी रुपयांच्या आसपास. त्या वर्षी चीनभरच्या थिएटरांचा गल्ला होता साडेबेचाळीस अब्ज. म्हणजे दोन मिनिटांच्या तुकड्यांनी सिनेमा मागे टाकला. झेजियांग प्रांतात हेंगदियान नावाचं प्रचंड चित्रनगर आहे, राजवाडे वगैरे उभारलेलं. नावातल्या 'हेंग'चा एक अर्थ आडवा. तिथे आता एवढी उभी शूटिंगं चालतात की लोक थट्टेनं त्याला 'शूदियान' म्हणतात, 'शू' म्हणजे उभा. आठवडा-दहा दिवसांत अख्खी मालिका उरकते. बनवायला लागतो त्याहून कितीतरी जास्त पैसा ती तुमच्या डोळ्यांपुढे आणणाऱ्या जाहिरातींवर जातो.

आणि पैसे घ्यायची रीत? पहिले आठ-दहा भाग फुकट. थोबाडीत बसते, गुपित फुटणार एवढ्यात कुलूप. पुढच्या भागाला 'नाणी' लागतात. रुपये नाहीत, डॉलर नाहीत, नाणी! एका भागाला इतकी, मग पाकीट घ्या, मग बोनस. परदेशी प्रेक्षकांसाठीच्या ॲपवर अख्खी मालिका बघेपर्यंत दहा-वीस डॉलर सहज जातात. हा आकडा पहिल्या भागाआधी ठळक सांगितला, तर कोण घेईल? चीनमध्ये आता फुकट ॲपही जोरात आहेत, तिथे किंमत जाहिरातींच्या रूपानं चुकवायची.

नीट बघा. नायक नायिकेशी जे करतो तेच ॲप तुमच्याशी करतं. आधी साधं, गरीब, फुकट रूप. मग जीव गुंतवायचा. आणि जीव गुंतला की खरी ओळख. फरक एवढाच की गोष्टीत शेवटी काळ्या गाड्या येतात, तुमच्याकडे पैसे कापल्याचा मेसेज येतो.

हा साचा आता देशी ॲपांनीही उचललाय. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी 'दोन रुपयांत सात दिवस' म्हणून एक ॲप घेतलं. यूपीआयचा पिन टाकला तो दोन रुपयांसाठी, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो ऑटोपेचा होकार होता. आठव्या दिवशी ३९९ गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. तशी ती आलीही होती, इंग्रजीत, वीस जाहिरातींच्या मेसेजमध्ये बुडालेली. काकूंनी ॲप काढून टाकलं आणि सुटलो म्हणाल्या. ॲप काढल्यानं ऑटोपे सुटत नाही! तीन महिन्यांनी पुन्हा ३९९. घरात त्यांनी कोणाला सांगितलं नाही. का? तर "या वयात असलं बघतेस?" हे ऐकावं लागलं असतं म्हणून.

ही लाज या धंद्याचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. आणि ते भांडवल आपण पुरवतो, चेष्टा करून.

चीनमध्येच २०२० साली जियांगशी प्रांतातल्या साठी ओलांडलेल्या एका बाईची गोष्ट देशभर गाजली होती. जिन दोंग हा तिथला नावाजलेला नट. त्याच्या नावानं, त्याचे व्हिडिओ कापून चालवलेल्या खोट्या खात्यांवर "ताई, ताई" अशी गोड हाक ऐकून या बाईंना वाटलं, हा माझ्याशीच बोलतोय. घर सोडून निघाल्या, त्याच्याशी लग्न करायला. देश हसला. पण मुलाखतीत दिसत होतं ते असं, की या बाईंशी इतकं प्रेमानं वर्षानुवर्षं कोणी बोललेलंच नव्हतं. प्रेमाचं नाटक करून महिनाभर विश्वास कमवायचा आणि मग गुंतवणुकीच्या नावाखाली खातं साफ करायचं, या गुन्ह्याला चिनी ठगांच्या बोलीत 'डुक्कर पोसून कापणं' म्हणतात. त्यातला ठगही असाच असतो. श्रीमंत, हळवा, एकटा, आणि फक्त तुमच्यासाठी वेळ असलेला. मालिका बनवणारा आणि ठग एकच आहेत असं मी म्हणत नाही. दोघांना एकच भूक सापडलीय, एवढंच म्हणतेय.

आता नेहमीचे तीन प्रतिवाद.

एक, "बायकांचं खूळ." अजिबात नाही. पुरुषांसाठीचा मालही तयार आहे. सासरी सगळे ज्याला लाथाडतात असा घरजावई, आणि शेवटी तो निघतो महान सेनापती किंवा अब्जाधीश. तीच फसवणूक, तीच शेवटची वाकलेली मान. ऑफिसात रोज बोलणी खाणाऱ्या माणसाला ते बरं वाटतं. त्यात हसण्यासारखं काय आहे?

दोन, "चिनी आहे, बंदी घाला." जून २०२० मध्ये आपण टिकटॉकसकट ५९ चिनी ॲप बंद केली. साच्याला पासपोर्ट लागत नाही, तो आला आणि आता आपल्याच भाषांत बनतोय. खुद्द चीन सरकारनं नोव्हेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात पंचवीस हजारांहून जास्त मिनी-ड्रामा काढून टाकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये दादागिरी करणाऱ्या मालकांच्या गोष्टी, ज्यांना ते 'बाजोंग' म्हणतात, त्या कमी करा असंही बजावलं. मधल्या काळात बाजार वाढतच गेला. शिवाय काय बघायचं हे सरकारी बाबूनं ठरवावं, हे मला नको आहे. आज मालकाची गोष्ट कापतील, उद्या तुमची.

तीन, "लोकांना कळतं, खोटं आहे ते." गोष्ट खोटी आहे हे कळतंच, काकूंनाही कळतं. पण पिन कशासाठी टाकतोय हे कळू नये अशीच स्क्रीनची रचना असेल, तर दोष बघणाऱ्याचा नाही.

म्हणून मागणी गोष्टींबद्दल नाही, गल्ल्याबद्दल आहे. पहिला भाग सुरू होण्याआधी अख्ख्या मालिकेची किंमत रुपयांत आणि आपल्या भाषेत दाखवा. नाण्यांचा खेळ बंद करा. घ्यायला एक बटण असेल तर सोडायलाही एकच बटण हवं, आणि ॲप काढताना "ऑटोपे चालू आहे" असं ठळक सांगा. हे काही जगावेगळं नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं 'डार्क पॅटर्न'विरुद्ध नियम काढले, त्यात १३ प्रकार मोजलेत, आणि 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' त्यातलाच एक. नियम आहे, तक्रार करणारे नाहीत, कारण तक्रार करायची तर आधी "मी हे बघत होते" म्हणावं लागतं.

तर म्हणा. आज रात्री आई, सासूबाई, बाबा, कोणी का असेना, त्यांच्या फोनवर यूपीआय ॲपमधला ऑटोपेचा भाग उघडा आणि नको ते बंद करा. उपदेश न करता. पैसे गेले असतील तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि प्रकरण ठगाचं असेल तर वेळ न घालवता १९३०. मग हवं तर शेजारी बसून पुढचा भागही बघा. नायक माफी मागायला आला की एकच विचारा, "हा गरीबच निघाला असता तर हिनं याला माफ केलं असतं का?"

घराघरात यावरून वाद झाला तर मला आनंद आहे. पटलं तर पुढे पाठवा, नाही पटलं तर खाली भांडा. फक्त "कोण बघतं असलं" एवढं लिहू नका. उत्तर तुमच्याच घरात आहे.